मोल्सवर्थच्या कोशाचे पुनर्मुद्रण ग्रंथेतिहासासाठी कितपत चालेल?

शिळाछाप: एकोणिसाव्या शतकातील मराठी मुद्रणावर मी एक निबंध लिहीत आहे. माझ्याकडे मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीची दोन पुनर्मुद्रणे आहेत. एक पुण्यात १९७५ साली निघालेले, तर दुसरे हल्ली एकेक प्रत मागणीनुसार छापून देतात त्या प्रकारचे. दुसऱ्यात काही पानांवर ‘करणें’ऐवजी चक्क ‘करणे’ दिसते. हा मूळ जुळाऱ्याचा (छपाईचे खिळे जुळवणाऱ्याचा) प्रमाद समजावा की पुनर्मुद्रणाचा? आणि मूळ प्रत न पाहता अशा पुस्तकांवर विसंबावे का?

जुना फर्मा: दोष बहुधा स्कॅनिंगचा आहे. पिवळसर पानाची प्रतिमा निव्वळ काळ्या-पांढऱ्यात उतरवली की कागदावरचे डाग जावेत म्हणून जी छटा पुसली जाते, तिच्याबरोबर फिकट उमटलेले अनुस्वारही पुसले जातात. त्याच पानावरची इतर क्रियापदे पाहा. काहींवर टिंब आहे आणि काहींवर नाही, असे आढळले तर जुळाऱ्याला बोल लावू नये. शब्दार्थासाठी पुनर्मुद्रण पुरेसे आहे. मात्र कागद, शिवण, समास, फर्म्याच्या (एकत्र छापून घडी घातलेल्या पानांच्या संचाच्या) पहिल्या पानाच्या तळाशी असणारी खूण, मूळ बांधणी यांविषयी ते जवळजवळ मुके असते. स्कॅनसाठी पान सपाट दाबताना घडीचे नकाशे उलगडलेच जात नाहीत, हा अनुभव मला दुसऱ्या एका पुस्तकाबाबत आला, आणि विक्रेत्याने ‘मूळ प्रतच तशी’ असे बेधडक उत्तर दिले.

अनुस्वारवादी: त्याहून फसवे असते ते नव्याने अक्षरजुळणी केलेले पुनर्मुद्रण, कारण ते स्वच्छ दिसते. १९६२ च्या लेखननियमांनंतर अनुच्चारित अनुस्वार वगळण्याची रीत रूढ झाली आणि संपादकांनी जुन्या ग्रंथांतूनही ते सरसकट काढले. ‘मीं केलें’ यातील दोन्ही टिंबे गेली की ‘मी’ची तृतीया आणि क्रियापदाचे नपुंसकलिंग डोळ्यांना दिसेनासे होते. अशा आवृत्तीवरून एकोणिसाव्या शतकातील लेखनपद्धतीविषयी विधान करू नये. ती पुनर्मुद्रणाच्या काळाची साक्ष देते.

रोमीवाचक: मूळ प्रत पाहावी हे खरे, पण ती असली तर. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मोपदेशकाचे ख्रिस्तपुराण हे मराठी काव्य १६१६ मध्ये गोव्यात रोमन लिपीत छापले गेले आणि १६४९ व १६५४ मध्ये पुन्हा निघाले. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत उपलब्ध नाही. जोसेफ साल्ढाणांनी १९०७ मध्ये मंगळूरहून काढलेली आवृत्ती हस्तलिखितांवर आधारलेली आहे, आणि १९५६ ची बांदेलूंची देवनागरी आवृत्ती तिच्याही पुढची पायरी. तेथे पुनर्मुद्रणांच्या या साखळीचाच इतिहास लिहावा लागतो. रोमन अक्षरांतून स्टीफन्सने मराठी ध्वनी कसे टिपले, हे मात्र देवनागरी आवृत्तीत शोधू नये.

शिळाछाप: मनःपूर्वक आभार. ‘-णें’ने संपणाऱ्या नोंदी दोन्ही पुनर्मुद्रणांत ताडून पाहिल्या, १९७५ च्या पुस्तकात टिंबे जागच्या जागी आहेत. फर्म्यांसाठी मूळ प्रत पाहण्याची परवानगी एका ग्रंथालयाकडे मागितली आहे.