क्लिप-इन बूट घेताना आधी सोल उलटा करून बघा

मागचंचाक (धागाकर्ता)

ट्रेलसाठी, म्हणजे डोंगरातल्या कच्च्या वाटांवर सायकल चालवायला, टिकाऊ क्लिप-इन बूट (तळाला बोल्टने बसवलेल्या क्लीट नावाच्या धातूच्या तुकड्याने पेडलमध्ये अडकणारे) कुठले, असं विचारलं की ठरलेली उत्तरं येतात: कार्बन सोल घे, डायलवाला (लेसऐवजी गोल बटण फिरवून तार आवळणारा) घे, वजन बघ. माझं मत जरा वेगळं आहे. ट्रेलवरचा बूट पेडल मारून फार झिजत नाही. त्याची वाट लागते चालताना.

सायकल खांद्यावर टाकून दगड चढताना, मोकळ्या मुरुमावर पाय घसरताना, अवघड वळणावर घाईघाईत पाय टेकताना काय होतं बघा. चवड्यापाशी पाऊल वाकू पाहतं. खालचं रबरही वाकतं. मधली कडक प्लेट मात्र वाकत नाही. मग सगळा ताण येतो तो रबर आणि प्लेट यांच्यामधल्या चिकटवणीवर. म्हणून अशा बुटाचा सोल बहुतेक वेळा पुढून, बोटांपाशी सुटायला लागतो. आज नखाएवढी फट दिसते, त्यात माती-पाणी शिरतं, आणि थोड्याच दिवसांत बूट आ वासतो.

त्यामुळे हातात बूट घेतला की मी तो आधी उलटा करतो. रबर अखंड आहे की कडक सोलवर सुटे तुकडे चिकटवलेत? पुढे रबर बोटांवरून थोडं वर चढवलंय का? तिथे शिलाई आहे की नुसता गोंद? कडक प्लेट क्लीटखालून टाचेकडे गेलेली असावी आणि बोटांचा भाग मोकळा वाकावा. टाच धरून चवडा जमिनीवर दाबला की लगेच कळतं.

कार्बनला माझा विरोध ट्रेलपुरताच. क्रॉस-कंट्रीचा (कच्च्या वाटेवरच्या चढ-उताराच्या शर्यतीचा) कार्बन सोल पायाची ताकद छान पोचवतो, पण ओल्या खडकावर उघडा कार्बन टेकला की पाय कुठे जाईल सांगता येत नाही, शिवाय प्रत्येक दगड त्यावर ओरखडा ठेवून जातो. काचतंतू मिसळलेलं नायलॉन थोडं वाकतं आणि परत सरळ होतं. वजन वाढतं हे खरं. शर्यतीचा बूट ३०० ग्रॅमच्या आसपास असेल तर ट्रेलचा ४०० ग्रॅमच्या घरात जातो. मला ते चालतं.

दुसरी जागा म्हणजे क्लीटचा खळगा. आतला इनसोल उचलून बघा. ज्यात बोल्ट बसतात ती आट्यांची धातूची प्लेट सुटी निघते का? निघत असेल तर आटे गेल्यावर प्लेट बदलता येते. ती सोलमध्येच पक्की बसवलेली असेल तर आटे गेले की बूटही गेला.

अप्परबद्दल, म्हणजे बुटाच्या वरच्या भागाबद्दल, फार बोलत नाही. जोड कमी, जाळी कमी, बोटांवर कडक टोपी, आतल्या घोट्याला थोडी उंच कड. एवढं पुरे.

तुमची मतं येऊ द्या. विरोधी असतील तर उत्तमच.

सपाटपेडल

विरोधीच आहे! एवढा खटाटोप करण्यापेक्षा फ्लॅट पेडल (क्लीट न लागणारं सपाट पेडल) लावा. सॅम हिल हा ऑस्ट्रेलियन रायडर २००६, २००७ आणि २०१० साली डाउनहिलचा (उतारावरच्या शर्यतीचा) जगज्जेता झाला, पुढे २०१७ ते २०१९ सलग तीन वर्षं एंड्युरो वर्ल्ड सिरीज जिंकला, आणि तेही फ्लॅटवर. क्लीट नाही, आटे नाहीत, खळगा नाही. मोडायला काही उरतच नाही.

मागचंचाक

सॅम हिलचे पाय आपल्याला मिळाले असते तर मी चपलेवरही गेलो असतो. शिवाय फ्लॅटचे बूट अमर थोडेच असतात? मऊ चिकट रबर पेडलच्या पिनांनी कुरतडलं जातंच. क्लिप-इन बुटाला पेडलवर टिकून राहायला चिकट रबर लागत नाही, म्हणून तिथे थोडं कडक, चिवट रबर वापरता येतं. टिकाऊपणात तेवढा फायदा आमच्याच बाजूने आहे. बाकी फ्लॅट विरुद्ध क्लिपसाठी वेगळा धागा काढा, तिथे येतो भांडायला.

चढणवेडी

मूळ मुद्द्याशी निम्मी असहमत.

सोल सुटला म्हणजेच बूट संपला, असं तुम्ही धरून चाललात. माझ्या दृष्टीने बूट त्याच्या कितीतरी आधी संपतो. मऊ नायलॉन सोल क्लीटभोवती हळूहळू थकतो. बाहेरून सगळं ठीक दिसतं, पण लांब चढावर तळव्याखाली एकाच जागी आग व्हायला लागते, बोटं बधिर होतात, कारण सगळा दाब क्लीटच्या इवल्याशा तुकड्यावर येतो आणि सोल तो पसरवत नाही. एसपीडी प्रकारचा (शिमानोचा दोन बोल्टचा) क्लीट मुळातच लहान असतो. रस्त्यावरच्या तीन बोल्टच्या क्लीटसारखा तो रुंद नाही. म्हणून इथे सोलचा कडकपणा जास्त महत्त्वाचा.

आणि सगळेच ट्रेलवर सायकल खांद्यावर घेऊन हिंडत नाहीत. मी बहुतेक वेळ बसून पेडल मारते, क्वचित उतरते. माझ्यासारखीने तुमचा वाकणारा बूट घेतला तर सोल शाबूत राहील आणि पाय जाईल! कार्बन सोलला खाली पूर्ण रबर लावलेले बूटही मिळतात, हे तुम्ही सोडून दिलंत. "कार्बन नको" यापेक्षा "उघडा कार्बन नको" असं म्हणा, मग मी मान डोलावते.

मागचंचाक

"उघडा कार्बन नको" मान्य. पण पूर्ण रबर लावलेल्या कार्बन सोलमध्येसुद्धा न वाकणारी प्लेट आणि वाकणारं रबर यांची ओढाताण आहेच. बोटांचा भाग मोकळा सोडला असेल तरच ती कमी होते. नायलॉन थकतं हे मात्र मी विचारात घेतलं नव्हतं असं नाही. स्वस्त, नुसतं नायलॉन लवकर थकतं. काचतंतूवालं त्यापेक्षा बरंच टिकतं.

आटेगेले

मी सायकली दुरुस्त करतो, त्यामुळे बुटांकडे बघण्याची माझी नजर जरा वेगळी आहे. दोघेही सोलवरून भांडताय. माझ्यासमोर येणारे बूट दोन कारणांनी आलेले असतात आणि दोन्हींत दोष बुटाचा कमी असतो.

पहिलं, गंजलेले बोल्ट. चिखल, घाम, पाणी, आणि वर्षानुवर्षं न हललेला क्लीट. बदलायला जावं तर बोल्टच्या डोक्याचा षटकोन मातीने भरलेला. लोक तशीच ४ मिमीची ॲलन की घालतात आणि जोर लावतात. डोकं गोल होतं. मग ड्रिलने उडवावा लागतो, त्यात कधी प्लेटही जाते. उपाय अगदी साधा आहे. बसवतानाच आट्यांना ग्रीस लावायचं, ५ ते ६ न्यूटन-मीटरला आवळायचं, पहिल्या दोन-तीन राइडनंतर पुन्हा आवळायचं, आणि काढण्याआधी टोकदार सुईने माती उकरायची. नुसतं मनगटाच्या अंदाजाने आवळणारे एकतर सैल ठेवतात किंवा आटे खातात. सैल क्लीट जास्त धोकादायक, कारण पाय फिरवला की क्लीट बुटावरच फिरतो आणि पेडलमधून सुटतच नाही.

दुसरं, वाळवण्याची घाई. ओला बूट हीटरसमोर, शेगडीजवळ किंवा बंद गाडीच्या काचेमागे उन्हात ठेवतात. उष्णतेने चिकटवण मऊ पडते आणि मग चालताना सोल सुटतो. दोष जातो बनवणाऱ्याला. इनसोल बाहेर काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, ते ओले झाले की बदला, सावलीत वाऱ्याला ठेवा.

एक तिसरी गोष्ट, कमी लोकांना माहीत असलेली. मिडसोल (सोलमधला गादीसारखा थर) पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा असेल तर तो दमट हवेतल्या ओलाव्याने आतून मोडत जातो. न वापरता कपाटात ठेवलेला जोडही काही वर्षांनी पहिल्याच फेरीत भुगा होऊ शकतो. ईव्हीए या दुसऱ्या प्रकारच्या फोममध्ये हे होत नाही, तो फक्त दबून पातळ होतो. म्हणून सवलतीत मिळालेला जुना साठा उचलताना सोल कशाचा आहे ते विचारा.

दोनजोड

आटेगेले यांच्या शेवटच्या मुद्द्याने माझी पंचाईत केली. माझं तत्त्व असं की पायाला बसणारा बूट सापडला की त्याचे दोन जोड घेऊन ठेवावेत, कारण पुढच्या वर्षी कंपनी साचा बदलते आणि आपला रुंद चवडा परत बाहेर! आता दुसरा जोड ईव्हीएवाला आहे का ते बघावं लागणार.

बाकी माझं मत: टिकाऊपणाच्या नादात मापाकडे दुर्लक्ष होतंय. आत पाय सरकत असेल तर उतारावर बोटं पुढे आपटतात, टाच आतलं अस्तर घासून फाडते, आणि लेस जास्त आवळल्याने अप्परचे जोड उसवतात. बूट संध्याकाळी घालून बघा, पाय थोडे सुजलेले असतात तेव्हा, आणि जे मोजे घालून सायकल चालवता तेच घालून.

तीनवेळाडायल

लेसवाल्यांना विचारतो, चिखलात भिजलेली गाठ थंड बोटांनी सोडून बघितली आहे का? लेसचं टोक चेनमध्ये अडकलं की काय होतं ते अनुभवलं आहे का? डायल एका हाताने, चालत्या सायकलवर सैल-घट्ट होतो. उतारापूर्वी दोन टिक घट्ट, चढावर दोन टिक सैल. शिवाय डायल बनवणारी बोआ कंपनी आपल्या डायल आणि तारेची हमी बुटाच्या आयुष्याएवढी देते. टिकाऊपणाच मोजायचा तर हे लेसपेक्षा कमी कसं?

मागचंचाक

हमी चांगलीच आहे, पण ती घरी बसून उपयोगी पडते. डोंगरात तार तुटली किंवा डायल दगडावर आपटून निखळला तर बूट पायात राहायचा कसा? लेस तुटली तर गाठ मारून घरी येता येतं. डायलच हवा असेल तर तो घोट्याच्या बाहेरच्या बाजूला टोकावर नको, जिभेकडे वर सरकवलेला बघा. आणि खाली एक वेल्क्रो पट्टा असलेला घ्या, म्हणजे डायल गेला तरी पाय बांधलेला राहतो. लेस चेनपासून वाचवायला बऱ्याच ट्रेल बुटांना लेसखाली खोचायचा रबरी बंद किंवा वरून झाकण असतं.

तीनवेळाडायल

बाहेरच्या बाजूचा डायल आपटतो, हे मान्य. बाकी अमान्यच.

पितळीक्लीट

सगळे बुटावरच घसरलेत, पेडलबद्दल कोणीच बोललं नाही. शिमानोचे क्लीट पोलादी असतात, बराच काळ जातात. क्रँक ब्रदर्स आणि टाइम या दुसऱ्या पेडल कंपन्यांचे पितळी, ते लवकर झिजतात. मऊ धातू क्लीटला वापरला की झीज क्लीटवर येते आणि महाग पेडल वाचतं, असा तो हिशेब. पण झिजलेला क्लीट मधेच सुटतो किंवा पाय हलतो, आणि माणूस म्हणतो "बूट ढिला पडला". आधी क्लीट बदलून बघा.

क्रँक ब्रदर्सच्या पेडलचे पंख क्लीटच्या दोन्ही बाजूंना सोलमध्ये रुततात आणि खाच पाडतात. त्यासाठी क्लीटखाली बसवायच्या पातळ स्टीलच्या प्लेट मिळतात. कार्बन सोलवाल्यांनी तर त्या लावाव्यातच.

नवखीचिखलात

मी अजून पहिलाच जोड घेतलाय. आटेगेले दादा, एक विचारू? बूट पेडलमध्ये नीट लागतच नाही. एसपीडी क्लीट आहे, पेडलभोवती मोठी चौकट आहे. दाबलं तरी टक् होत नाही, आणि लागलं तर सुटायला जड जातं. बूटच चुकीचा घेतला का?

आटेगेले

बूट बदलायची गरज नाही. सोलचं रबर पेडलच्या चौकटीवर टेकतंय, म्हणून क्लीट तोंडापर्यंत पोचत नाही. क्लीट खळग्यात खोल बसलाय. चौकटीच्या खुणा सोलवर उमटल्या असतील, त्या बघा. क्लीटखाली १ मिमीची चकती टाकून तो वर आणा. तेवढ्याने नाही भागलं तरच खुणांच्या जागचं रबर धारदार सुरीने थोडं थोडं छाटा. सुटायला जड जातंय त्याला पेडलवरचा ताणाचा स्क्रू अगदी सैलावर आणा, आणि एकाच दिशेने सुटणारा एसएच५१ क्लीट असेल तर सुरुवातीला एसएच५६ लावा. तो टाच वर उचलली तरी सुटतो.

चढणवेडी

५६ ला माझा विरोध. दगडांवरून उडी मारताना टाच उचलली जाते आणि नको तिथे पाय बाहेर येतो. ५१ ठेवा, ताण कमी करा, आणि गवतावर उभं राहून सोडण्याचा सराव करा.

आटेगेले

ताई, सराव होईपर्यंत तरी ५६ राहू द्या. पहिल्या दिवसांत उड्या कोण मारतंय?

मागचंचाक

रबर छाटण्याची घाई नको. छाटलेली जागा चालताना लवकर झिजते आणि तिथूनच कड सुटते. आधी चकती, मग जमलं तर क्लीट थोडा मागे, टाचेकडे. उतारावर उभं राहून टाचा खाली दाबताना तसाही मागे सरकवलेला क्लीट स्थिर वाटतो, पोटऱ्याही कमी दुखतात.

चढणवेडी

एवढ्यावर एकमत. फक्त चकती टाकली की तेवढेच लांब बोल्ट लागतात, हे तिला सांगा कोणीतरी. जुन्याच बोल्टवर दोन-तीन आटेच पकडले जातात आणि पहिल्याच चढावर ते उपटतात. आणि बोल्ट गरजेपेक्षा लांब झाला तर आतून इनसोलमधून तळव्याला टोचतो, तेही बघून घे गं.

नवखीचिखलात

पेडलसोबतच्या पुडीत दोन लांबीचे बोल्ट निघाले. लांबवाले लावते, आधी ग्रीस.