उदगीर १७६०: मैदानावर छावणी मांडायची आहे, पोशाख आणि चिलखताबद्दल मदत हवी

बालाघाट:
नमस्कार मंडळी. ३ फेब्रुवारी हा मराठे आणि निजाम यांच्यातल्या उदगीरच्या लढाईचा दिवस. त्या दिवशी शाळेच्या मैदानावर १७६० सालची मराठ्यांची लहानशी छावणी मांडायची आहे. दहा जण, एक राहुटी, एक घोडं. तयारीला पाच महिने आहेत. भाड्यानं मिळणारे मावळ्यांचे पोशाख चालतील का? चिलखत घरी करता येतं का, तार कुठली, कड्या किती? आणि हत्यारांचं काय करायचं?

शिलेदार_परंडा:
दादा, भाड्याचे पोशाख नकोत. ते शिवकाळाच्या नावाखाली साटीनचे शिवलेले असतात आणि तुमचं साल शंभर वर्षं पुढचं आहे. आधी प्रत्येकाचा माणूस ठरवा. शिलेदार म्हणजे स्वतःचं घोडं आणलेला, बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावरचा. दोघांच्या सामानात फरक दिसला पाहिजे. उदगीरला इब्राहिमखान गारदी भाऊसाहेबांकडून (सदाशिवरावभाऊ पेशव्यांकडून) लढला, तेव्हा दोन-तीन गारदीही ठेवा. त्यांची कवायती पलटण, हातात चकमकीच्या बंदुका. बाकीच्यांत एखाद्याकडे जुनी तोडेदार बंदूक. मुलांना हा फरक जवळून दाखवता येतो: एकीत गारगोटी, दुसरीत जळती जामगी, म्हणजे पेटत्या दोराची वात.

चिलखत दहांत एकालाच द्या, तेही सरदाराला. मराठी घोडदळाचं बळ हलकेपणात होतं. १७२८ साली पालखेडला, आपल्या वैजापूर तालुक्यात, बाजीरावांनी निजामाला कोंडीत धरलं ते वेगवान घोडदळाच्या जोरावर. दहाच्या दहा जण लोखंडात उभे केले तर चित्रच खोटं होतं.

सुईदोरा:
कपड्याचं मी सांगते. हातकताईची खादी घ्या, नांदेडला चांगली मिळते. पॉलिस्टर मिसळलेलं कापड उन्हात चमकतं आणि चुलीची ठिणगी पडली की वितळून कातडीला चिकटतं. खादी आधी रात्रभर भिजवून वाळवा आणि मगच बेता, नाहीतर पहिल्या धुण्यात बाह्या आखडतात.

गुडघ्यापर्यंतच्या अंगरख्याला ३६ इंच पन्ह्याचं साडेचार ते पाच मीटर कापड लागतं. बटण, चेन, वेल्क्रो काही नाही, फक्त बंद, म्हणजे बांधायच्या कापडी नाड्या. काखेत चार बोटांचा चौकोनी तुकडा तिरपा बसवायला विसरू नका. तो नसला तर भाला उचलताच शिवण उसवते, आणि बहुतेक नवे अंगरखे तिथंच फाटतात. आतली शिवण मशीनची चालेल. गळा, बंद आणि काठ मात्र हातानं घाला, पाहणाऱ्याची नजर तिथंच जाते.

रंगाला मंजिष्ठा, हळद, हरडा. भगवा सगळ्यांना नको, सैन्याला एकच गणवेश नव्हता. खांद्यावर धनगरी घोंगडी. चष्मा, घड्याळ, बूट आधीच काढून ठेवायला लावा.

कडीजोड:
चिलखत घरी होतं, पण पाच महिने म्हणजे आजच बसावं लागेल.

१६ गेजची जीआय (जस्ताचा थर दिलेली लोखंडी) तार घ्या, ११ किलो. बांधकामाची बाइंडिंग वायर घेऊ नका. ती मऊ असते, चिलखताच्या स्वतःच्याच वजनानं कड्या उघडतात. ८ मिमी सळईवर तार घट्ट गुंडाळून स्प्रिंग करायची, मग कटरनं एकेक कडी तोडायची. एका कडीला सुमारे ३० मिमी तार जाते. अर्ध्या बाहीच्या, मांडीपर्यंतच्या चिलखताला साधारण २०,००० कड्या, म्हणजे ६०० मीटर तार. वजन साडेनऊ किलोच्या आसपास भरतं. रोज दीडशे कड्या जोडल्या तरी साडेचार महिने जातात, म्हणून तिघे जण लागा.

विण एकात चार: प्रत्येक कडीत शेजारच्या चार. दोन पकडी घेऊन कडीची तोंडं बाजूला सरकवून मिटवा. दाबून मिटवली तर गोलाई जाते. मिटल्यावर नखानं चाचपा. फट राहिली किंवा टोक वर राहिलं तर तेच अंगरखा कुरतडतं.

सगळ्यात मोठी चूक दिशेची. आधी वीतभर तुकडा विणून ओढून बघा, एका दिशेला तो ताणतो, दुसरीकडे ताणत नाही. ताणणारी दिशा अंगाभोवती आडवी आली पाहिजे. उलटी आली तर चिलखत खाली लोंबतं आणि छातीत आवळतं, हात वर जात नाही. ते पुढे दुरुस्त होत नाही, सगळं उसवावं लागतं.

जस्ताची चमक घालवायला तार भट्टीत टाकू नका, जस्ताचा धूर विषारी असतो. खाली रुईभरला जाड अंगरखा हवाच. कमरेला शेला करकचून बांधून चिलखत वर थोडं फुगवून घ्या, म्हणजे बराच भार खांद्यावरून कमरेवर उतरतो. फेब्रुवारीतही दुपारी लोखंड तापतं, अकरानंतर उतरवून टेबलावर ठेवा. मुलांना हातात उचलून बघायला तेच बरं.

बालाघाट:
ताई, दादा, खूप आभार. चिलखत एकच करतो. हत्यारं आणि छावणीचं कोणी सांगेल का?

शिलेदार_परंडा:
धारेची तलवार आणूच नका. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं शस्त्र नियमांत मोडतात. बोथट, गोल टोकाची करून घ्या आणि पोलीस ठाण्यात यादीसह लेखी अर्ज द्या. बंदुकीची नळी भरीव ठेवा, कान (दारू पेटवायचं भोक) पाडूच नका. जामगी वेगळी जाळून दाखवा: सुती दोर सोऱ्याच्या पाण्यात उकळून वाळवायचा. आधी वीतभर जाळून किती वेळ पुरतो ते मोजा, जवळ पाण्याची बादली ठेवा. दांडपट्टा शिकलेल्यानंच फिरवावा, भोवती पंधरा फुटांवर दोरी.

आपली काळी माती फेब्रुवारीत भेगाळते, वीतभर मेख राहुटीच्या पहिल्याच ओढीला निघते. बाभळीच्या दोन फुटी मेखा तिरप्या ठोका आणि आदल्या संध्याकाळी जागेवर पाणी मारा. कधी किल्ल्याच्या आवारात छावणी मांडलीत तर मात्र मेख आणि चूल दोन्ही टाळा.

चुलीवर ज्वारीची भाकरी, जवसाची किंवा कारळाची चटणी, कांदा. टोमॅटो, बटाटा, शेंगदाणा नको. घोड्याला तोबऱ्यात (तोंडाला बांधायच्या पिशवीत) हरभऱ्याची चंदी, म्हणजे खुराक. घोडं आठवडाभर आधी आणून त्याच्यासमोर चिलखत रोज खुळखुळवा. तो आवाज ओळखीचा नसला तर ते बिथरतं आणि भोवती मुलं असतात.