डालड्याच्या डब्यातली काडतुसं

शनिवार

सी-२०३ (रात्री ९:१२)
नमस्कार मंडळी. रीडेव्हलपमेंटसाठी घर रिकामं करायचंय म्हणून आज माळा उपसला. बाबांच्या ट्रंकेमागे डालड्याचा जुना डबा निघाला. आत रद्दीच्या कागदात गुंडाळलेली १४ काडतुसं आहेत. आजोबांकडे भोरला बारा बोरची बंदूक होती. शेतात रानडुकरं यायची, म्हणून शेतीसंरक्षणाचा परवाना काढला होता. १९९४ साली आजोबा गेले तेव्हा बाबांनी बंदूक पोलिसांत जमा केली, एवढं मला पक्कं आठवतंय. काडतुसं तेवढी राहून गेली असणार. आता बाबाही नाहीत, विचारायचं कुणाला? याचं काय करू?
[फोटो]

बी-१०१ (९:१४)
बापरे. एवढ्या वर्षांनी चालतात का ती? दारू मेली असेल ना आतली?

सी-४०२ (९:१६)
उगाच बोभाटा नको. काळ्या पिशवीत घाला आणि सकाळी सुक्या कचऱ्यात टाका.

ए-३०३ (९:१७)
त्यापेक्षा रात्री म्हात्रे पुलावरून मुठा नदीत सोडून द्या. पाण्यात गेली की संपलं.

डी-२०१ (९:१९)
बुडाला पितळ दिसतंय. भंगारवाला घेईल की.

ए-१०४ सुभेदार काका (९:२१)
थांबा. कुणीही काहीही करू नका. सी-२०३, आधी तो फोटो ग्रुपवरून काढ, तुझ्या फोनमध्ये राहू दे. डबा आत्ता कुठे आहे? घरात लहान मूल आहे ना तुमच्या?

[सी-२०३ यांनी फोटो डिलीट केला]

सी-२०३ (९:२३)
हो काका, मुलगी पाच वर्षांची आहे. डबा डायनिंग टेबलावर ठेवलाय.

ए-१०४ सुभेदार काका (९:२४)
मुलीला आत पाठव. डब्याचं झाकण ठोकून बसवू नकोस, नुसतं ठेव. डबा हलक्या हाताने उचलून कपाटाच्या वरच्या खणात ठेव आणि कपाटाला कुलूप लाव. गॅस, इस्त्री, देवघरातली समई, यातलं काही जवळ नको. मग सांग.

सी-२०३ (९:३१)
ठेवला. किल्ली माझ्या खिशात आहे.

ए-१०४ सुभेदार काका (९:३३)
शाबास. आता नीट सांगतो. मी २८ वर्षं ऑर्डनन्समध्ये, म्हणजे लष्कराला शस्त्रं आणि दारूगोळा पुरवणाऱ्या खात्यात काढली आहेत, सगळी दारूगोळ्यातच गेली. फोटोत दिसली ती लाल कागदी नळीची काडतुसं. खालचं पितळ कळकलंय, हिरवट झालंय आणि दोन नळ्या ओलीने फुगल्यात. बुडावर “के एफ” असा शिक्का आहे ना? म्हणजे किरकी फॅक्टरी, आपल्याच खडकीचा दारूगोळा कारखाना. १८६९ पासूनचा आहे तो.

बुडाच्या मधोमध गोल टोपी असते. ती सपाट असेल आणि नळीचं तोंड बंद असेल तर काडतूस जिवंत. तोंड उघडं आणि आत पोकळ असेल तर ती नुसती पुंगळी. तिसरी तऱ्हा म्हणजे टोपीवर खड्डा आहे, पण तोंड बंद आहे. कुणीतरी घोडा ओढला होता, बार उडाला नाही. लोकांना वाटतं, हे वाया गेलेलं. त्याला तर अजिबात हात लावायचा नाही.

बी-१०१, दारू मरत नाही. ओल लागली तर एखादं उडणार नाही, शेजारचं उडेल. बाहेरून बघून आम्हीसुद्धा सांगू शकत नाही. बिनधुराची दारू जुनी झाली की आतून विघटते आणि आम्लाची वाफ सोडते. टोपीतला मसाला ठोक्याने पेटण्यासाठीच बनवलेला असतो. कुणी पक्कड लावून नळी उघडायला जातो आणि बोटं गमावतो.

डी-२०१ (९:३६)
पण बंदूकच नाही, तर ते उडेल कसं?

ए-१०४ सुभेदार काका (९:३९)
विस्तवात पडलं की उडतं. बंदुकीची नळी नसल्यामुळे आतले छर्रे बंदुकीतल्यासारखे लांब जात नाहीत, हे खरं. पण पितळी बूड आणि टोपी फुटून उडतात. डोळा जायला तेवढं पुरतं. भंगारवाल्याकडचं पितळ शेवटी भट्टीत जातं. भट्टीसमोर उभ्या असलेल्या माणसाला काय माहीत, आत काय पडलंय?

ए-२०२ काकू (९:४२)
मी मघापासून वाचतेय. कचऱ्यात टाका असं ज्यांनी लिहिलं, त्यांनी एकदा सकाळी सातला पार्किंगमध्ये येऊन उभं राहावं. आपल्या कचरावेचक ताई आणि त्यांची सून आपल्या प्रत्येकाची पिशवी हाताने उघडतात आणि हातानेच वेगळं करतात. हातमोजे दिले तर म्हणतात, मोज्यात समजत नाही, प्लास्टिक कुठलं आणि कागद कुठला. गेल्या पावसाळ्यात कुणीतरी फुटलेली ट्यूबलाईट वर्तमानपत्रात गुंडाळून टाकली होती. ताईंच्या तळहाताला सहा टाके पडले. चार दिवस त्या डाव्या हाताने काम करत होत्या. त्यांना पितळ दिसलं तर त्या ते बाजूला काढून ठेवणारच, त्याचे पैसे मिळतात. घरी नेतील. घरी त्यांचा नातू आहे.

सी-४०२ (९:४५)
काकू, माझं चुकलं. हे डोक्यातच आलं नाही.

ए-३०३ (९:४६)
आणि नदीचं? पाण्यात तर दारू भिजेलच ना?

ए-१०४ सुभेदार काका (९:४९)
कागदी नळी फुगेल, कदाचित निकामी होईल. प्लास्टिक नळीचं काडतूस घट्ट बंद असतं, बरेच दिवस पाण्यात टिकतं. तेलात बुडवून ठेवली की मरतात, असंही लोक सांगतात. त्याचाही भरवसा नाही. शिवाय एका काडतुसात तीसेक ग्रॅम शिसं असतं. १४ काडतुसांचं धर, जवळपास अर्धा किलो शिसं त्या पाण्यात. आणि एप्रिल-मेमध्ये मुठेचं पात्र उघडं पडलं की तिथे कोण खेळतं, ते तुमच्या गॅलरीतूनच दिसतं.

सी-२०३ (९:५२)
म्हणजे पोलीसच. खरं सांगू, त्याचीच भीती वाटतेय. माझ्या नावावर परवाना नाही. उद्या मलाच विचारतील, इतकी वर्षं घरात का ठेवलीस? उगाच गुन्हा दाखल झाला तर नोकरीवर गदा येईल.

बी-३०२ वकीलताई (१०:०४)
आत्ताच घरी आले, सगळं वाचलं. दादा, तुझी भीती खोटी नाही. शस्त्र कायदा १९५९चा आहे. त्याच्या कलम ३ प्रमाणे परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही, तसंच काडतूसही बाळगता येत नाही. बंदूक नाही, नुसती काडतुसं आहेत, हा बचाव होत नाही. २०१९च्या दुरुस्तीने शिक्षा आणखी कडक झाली आहे.

पण त्याच कायद्यात तुझ्यासारख्यासाठी दारही ठेवलंय. कलम २१ वाच. परवाना संपला, रद्द झाला किंवा परवानाधारक गेला आणि त्यामुळे ताबा बेकायदा झाला, तर विनाकारण उशीर न करता वस्तू जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करायची. परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडेही जमा करता येते. आणि १९७२ पासून सुप्रीम कोर्ट सांगत आलंय की या कायद्यातला ताबा म्हणजे जाणीवपूर्वक ताबा. बॅगेच्या कोपऱ्यात विसरलेलं एखादं काडतूस विमानतळाच्या तपासणीत सापडलं, अशा कितीतरी प्रकरणांत दिल्ली हायकोर्टाने याच मुद्द्यावर गुन्हे रद्द केलेत. पण त्या लोकांची विमानं चुकली, वर्षं गेली, वकिलांची फी गेली, ते वेगळंच.

आज संध्याकाळपर्यंत तुला माहीत नव्हतं. आता माहीत आहे. म्हणून सोमवार-मंगळवार करू नकोस. उद्या सकाळीच कर.

सी-२०३ (१०:०८)
ताई, गाडीत घालून स्वतःच नेऊन देऊ का?

बी-३०२ वकीलताई (१०:११)
नको. वाटेत नाकाबंदीला थांबवलं तर समजावत बसशील. आधी ठाण्यात फोन कर किंवा नुसता माणूस म्हणून जा, डबा घरीच राहू दे. साध्या मराठीत अर्ज लिही: कुणाला सापडलं, कुठे, कधी, नग किती, आजोबांचं नाव, परवाना कुठल्या ठाण्याच्या हद्दीतला होता. बाबांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोड. ते पंचनामा करतील. तुझ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय उठू नकोस. मी येते सोबत, दहा वाजता खाली भेट.

ट्रंकेत परवान्याची वही आहे का बघ. विकत घेतलेल्या काडतुसांची नोंद दुकानदार त्यावर करायचे. ती सापडली तर निम्मं काम झालं.

सी-२०३ (१०:४०)
सापडली. कापडी बांधणीची, आतल्या पानावर आजोबांचा फेटा बांधलेला फोटो. शेवटच्या पानावर जांभळ्या शाईत नोंद आहे, २५ नग, १९८८. खाली आजोबांचा अंगठा नाही, सही आहे. ते सही करायला शिकले होते, हे मला माहीतच नव्हतं.

ए-२०२ काकू (१०:४३)
ती वही जपून ठेव हो. पोलिसांना प्रत दे, मूळ वही मागितली तरच दे.

डी-५०४ (१०:५१)
काका, एक विचारू? आमच्या शोकेसमध्ये पितळेची मोठी पुंगळी आहे. सासऱ्यांनी ७१च्या लढाईनंतर आणलेली. मी त्यात मोरपिसं ठेवते.

ए-१०४ सुभेदार काका (१०:५५)
बुडाकडून बघा, पण पुंगळी उपडी किंवा आडवी करू नका, फळी काचेची असेल तर खालून वाकून बघा. टोपीवर ठोक्याची खूण आहे, वरून पूर्ण पोकळ आहे, टोकाला काही बसवलेलं नाही, तर ती उडालेली तोफेची पुंगळी. तरी एकदा दाखवून घ्या. मात्र टोकदार गोळा तसाच बसलेला असेल, तर शोकेसचं दार लावा, घरातल्यांना दुसऱ्या खोलीत न्या आणि ११२ला फोन करा. बॉम्बशोधक आणि नाशक पथक येतं. ‘इतकी वर्षं काही झालं नाही’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

डी-५०४ (१०:५८)
पूर्ण पोकळ आहे, टोपीवर खोल खड्डा आहे. जीव भांड्यात पडला. उद्या वकीलताईंबरोबर मीही फोटो घेऊन येते.

ए-१०४ सुभेदार काका (११:१५)
झोप येत नाही म्हणून लिहितो. २० नोव्हेंबर २०१८. वर्ध्याजवळ लष्कराच्या पुलगाव डेपोची दारूगोळा नष्ट करण्याची जागा आहे, सोनेगाव आबाजी गावाजवळ. जबलपूरच्या खमरिया कारखान्यातून मुदत संपलेला माल आला होता. खड्ड्यात पुरून, लांबून उडवून द्यायचा, हीच रीत आहे. तो उतरवतानाच स्फोट झाला. सहा माणसं गेली, त्यात रोजंदारीवर पेट्या उचलणारे आसपासच्या गावांतले होते. ते काम नियमाने, मोकळ्या माळावर, जाणत्यांच्या देखरेखीखाली चाललं होतं. मी तेव्हा निवृत्त झालो होतो. तरी त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आपण तर हे टेबलावर ठेवून ग्रुपवर फोटो टाकतो. सी-२०३, तुला बोल लावत नाही. तू विचारलंस, हे फार बरं केलंस. ज्यांच्या माळ्यावर असं काही आहे आणि जे गप्प बसलेत, त्यांनी मला खाजगीत फोन करा. कितीही वाजता.

रविवार

सी-२०३ (दुपारी १:२०)
जमा झालं. वकीलताई अडीच तास सोबत होत्या. ठाणे अंमलदारांनी पहिल्यांदा विचारलं, “बंदूक कुठंय?” ताईंनी वहीची प्रत पुढे केली, मग सूर बदलला. दोन हवालदार घरी आले. एकाने वाळू भरलेली बादली आणली होती, दुसऱ्याने एकेक नग मोजून, शिक्का वाचून लिहिलं. १३ जिवंत, १ पुंगळी. खालच्या वॉचमनकाकांना आणि बी-१०१ला पंच केलं. डबाही त्यांनी नेला. पुढे आदेश होऊन माल सरकारजमा होतो आणि पथक तो नष्ट करतं, असं सांगितलं. मला जबाबाची आणि पंचनाम्याची प्रत मिळाली.

सेक्रेटरी (१:४५)
आभार ताई, आभार काका. बिल्डरची माणसं १५ तारखेनंतर फ्लॅट तोडायला घेतील. माळे, बाथरूमवरची फळी, जिन्याखालची खोली, गॅलरीतल्या पेट्या आपापल्या हाताने बघून घ्या. हे काम तोडफोडीच्या मजुरांवर सोडू नका. जिन्याखालची खोली मी आणि सुभेदार काका उद्या बघतो.

ई-६०१ (४:३०)
काका, काल गप्प बसलेल्यांतली मी एक. माझं माहेर सावंतवाडीकडचं. तिथल्या घरात ठासणीची बंदूक होती, निवडणुकीत जमा करायचो ती. वडील गेल्यावर ती कायमची जमा केली. पण पडवीतल्या फळीवर दारूचा पत्र्याचा डबा, छर्ऱ्यांची पिशवी आणि टोप्यांची डबी तशीच आहे. घर उघडं असतं, चुलतभाऊ राहतो. पलीकडेच चूल आहे.

ए-१०४ सुभेदार काका (४:३३)
ताई, ती काळी दारू. ओली झाली आणि पुन्हा वाळली तरी पेटते, आणि ठिणगी पुरते. पत्र्याचं झाकण फिरवूनसुद्धा उघडायचं नाही. गंजलेल्या कडेला घासलं तरी ठिणगी पडू शकते. टोप्यांची डबी आणि दारूचा डबा एकमेकांजवळ असतील, तरी कुणी हलवू नका. चुलतभावाला आत्ता फोन करा. चूल विझवायची, पडवीत विडी नाही, पोरं नाहीत. मग गावच्या पोलीस पाटलांना सांगा.

ई-६०१ (५:१०)
बोलले. चूल मागच्या अंगणात हलवली. पोलीस पाटील स्वतः येऊन बघून गेले, पडवीच्या दाराला त्यांनी कुलूप घातलंय. उद्या ठाण्यातून माणसं येणार आहेत. भाऊ म्हणाला, त्या फळीवर आई रोज उदबत्ती लावायची, वडिलांच्या फोटोपुढे. फोटो डब्याच्या शेजारीच आहे.

ए-२०२ काकू (५:१२)
अगं बाई. फोटो आधी नका काढू हं, पोलीस आल्यावरच.

ई-६०१ (५:१३)
हो काकू, तेच सांगितलंय त्याला.