'कन्व्हीनियंट' चिनी भाषकांना कसं शिकवावं? सल्ला हवा

उंबरठा :
मँडरिन मातृभाषा असलेल्या प्रौढांचा ऑनलाइन इंग्रजी वर्ग आहे, पातळी मध्यम. बहुतेकांच्या लिखाणात एकच चूक फिरून फिरून येते : 'आय ॲम कन्व्हीनियंट ऑन फ्रायडे', 'इफ यू आर कन्व्हीनियंट, कॉल मी'. नियम सांगितला की माना डोलावतात, पुढच्या ईमेलमध्ये पुन्हा तेच. तासाभरात काय घ्यावं आणि कोणत्या क्रमाने? मला चिनी येत नाही.

कानामात्रा :
त्यांच्या शब्दयाद्यांत कन्व्हीनियंटसमोर 'फांगप्येन' छापलेलं असतं. सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. चिनीत माणूस थेट कर्ता होतो : 'नी मिंगथ्येन फांगप्येन मा?', म्हणजे शब्दशः 'तू उद्या फांगप्येन का?' मराठीत माणूस चतुर्थीत जातो ('तुला उद्या सोयीचं आहे का?'), म्हणून आपल्याकडून ही चूक सहसा होत नाही. इंग्रजीत सोयीची असते ती वेळ, जागा, वस्तू किंवा व्यवस्था. माणूस 'फॉर'ला धरून मागून येतो : 'इज टुमॉरो कन्व्हीनियंट फॉर यू?'

स्वतःचं वाक्य तपासायला त्यांना एकच प्रश्न द्या : 'व्हॉट इज कन्व्हीनियंट?' उत्तरात माणूस आला की वाक्य मोडायचं. माणसालाच कर्ता ठेवायचा असेल तर विशेषण बदला, 'फ्री' किंवा 'अव्हेलेबल' घ्या. माझ्या मते हाच मार्ग आधी शिकवावा. त्यांची वाक्यरचना तशीच राहते, फक्त एक शब्द बदलतो, त्यामुळे घाईतल्या ईमेलमध्येही तो टिकतो. 'फॉर यू'ची रचना त्यानंतर.

घोटीव :
वरच्याला दुजोरा. पण भेटीची वेळ ठरवण्याच्या वाक्यांवर पंधरा मिनिटांपेक्षा जास्त घालवू नका. खरी मेख पुढे आहे : फांगप्येन जिथे जिथे येतं तिथे निम्म्या वेळा इंग्रजीत कन्व्हीनियंट येतच नाही.

पाय अधू असलेल्या म्हाताऱ्या माणसाबद्दल चिनीत 'पाय फांगप्येन नाहीत' म्हणतात. 'हिज लेग्ज आर नॉट कन्व्हीनियंट' हे इंग्रजी माणसाला कळणारच नाही. 'ही हॅज ट्रबल वॉकिंग' म्हणायचं. 'सांगायला फांगप्येन नाही' म्हणजे 'आय'ड रादर नॉट से'. हातात पैसे नसले तरी तोच शब्द, तिथे 'शॉर्ट ऑफ मनी'. झटपट नूडल्स म्हणजे 'फांगप्येन म्येन', इंग्रजीत 'इन्स्टंट नूडल्स'. उचलून न्यायला सोपी वस्तू 'ईझी टू कॅरी'. शौचाला जाणं यासाठी सभ्य शब्दही फांगप्येनच, आणि तो तिथे क्रियापद होतो. 'नागरिकांची सोय करणे' इथेही क्रियापद, त्यातून 'टू कन्व्हीनियंट द पीपल' असली वाक्यं निपजतात. इंग्रजीत हे विशेषण क्रियापदाचं काम करत नाही, 'मेक थिंग्ज ईझियर फॉर' वापरा.

'द ट्रॅफिक इज व्हेरी कन्व्हीनियंट' यात तर दोन चुका एकमेकींच्या पाठीशी लपतात. 'च्याओथोंग' या एकाच शब्दात रहदारीही येते आणि वाहतूक-व्यवस्थाही. ट्रॅफिक म्हणजे रस्त्यावरची गाड्यांची गर्दी, ती कुणाच्या सोयीची असणार? 'इट्स ईझी टू गेट अराउंड' किंवा 'द बस सर्व्हिस इज गुड' लिहायला लावा.

सराव असा : दहा वाक्यं द्या, चार कन्व्हीनियंटची, सहा बाकीची, सगळी मिसळून. आधी नुसती वर्गवारी, मग भाषांतर. सगळीच कन्व्हीनियंटची दिलीत तर ते विचार न करता तोच शब्द ठोकत जातात.

पाटीपेन्सिल :
वर्गात चिनी आणायलाच माझा विरोध आहे. इंग्रजी वाक्यंच भरपूर वाचू द्यावीत.

घोटीव :
लहान मुलांना चालेल. प्रौढ डोक्यात भाषांतर करतातच, तुम्ही आणा किंवा आणू नका. मग ते उघड्यावर झालेलं बरं.

कानामात्रा :
आणखी एक. चिनीत विशेषण 'असणे'शिवाय विधेय होतं, आधी फक्त 'हन' (शब्दशः 'खूप') लागतं. म्हणून 'मेट्रो व्हेरी कन्व्हीनियंट' येतं : 'इज' गळतो आणि 'व्हेरी' घुसतो. या 'हन'वर जोर नसेल तर त्याचा अर्थ 'खूप' असा नसतोच, तेव्हा 'व्हेरी' खोडायची सवय लावा. शब्दाचं रूपही चिनीत बदलत नाही, त्यामुळे 'फॉर युअर कन्व्हीनियंट' लिहितात. 'युअर'नंतर नाम हवं, म्हणजे 'कन्व्हीनियन्स', एवढं पुरतं.

उच्चारात जोर दुसऱ्या अक्षरावर, 'व्ही'वर. मँडरिनमध्ये तो ध्वनी नाही, 'वी' होतो. खालचा ओठ वरच्या दातांना टेकवून आवाज काढायला सांगा. शेवटचा 'ट'ही गिळला जातो.

(अवांतर : चिनी बौद्ध अनुवादांत संस्कृत 'उपाय'साठी हाच फांगप्येन शब्द आहे. वर्गात उपयोग शून्य, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.)

उंबरठा :
खूप उपयोगी. 'कन्व्हीनियंट फॉर' की 'कन्व्हीनियंट टू'? आणि 'ॲट युअर अर्लिएस्ट कन्व्हीनियन्स' शिकवू का?

घोटीव :
माणसासाठी 'फॉर'. ठिकाण जवळ आहे या अर्थी ब्रिटिश 'कन्व्हीनियंट फॉर द स्टेशन' म्हणतात, अमेरिकन 'कन्व्हीनियंट टू द स्टेशन'. क्रियापद आलं तर 'टू' : 'इट इज कन्व्हीनियंट टू पे ऑनलाइन'.

'अर्लिएस्ट कन्व्हीनियन्स' ओळखायला शिकवा, वापरायला नको. त्यांना वाटतं 'सवडीने करा', पण रोख असतो 'लवकरात लवकर करा'. वरिष्ठांना लिहिलं तर तगादा वाटू शकतो. खरंच सवड द्यायची असेल तर 'व्हेनेव्हर इट सूट्स यू'.

पाटीपेन्सिल :
टोमणा राहिला. 'हाऊ कन्व्हीनियंट!' हे बहुधा कौतुक नसतं, आणि 'ही कन्व्हीनियंटली फरगॉट' म्हणजे आपलं 'सोयीस्करपणे विसरला'. फांगप्येनला ही खोच नाही, त्यामुळे ते सरळ अर्थ घेतात. 'अ कन्व्हीनियंट एक्सक्यूज'सोबत दोन-तीन उदाहरणं द्या आणि प्रत्येकात फायदा नेमका कुणाचा होतोय ते विचारा.