मदत हवी आहे: मिक्स बॉक्साइटमध्ये कुठल्या मालाची रिकव्हरी किती हे कसं काढायचं?

नमस्कार मंडळी, मी कोल्हापूरचा. राधानगरी साइडचा आणि शाहूवाडी साइडचा माल (बॉक्साइट, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं खनिज) एकाच ढिगात मिक्स होऊन प्लांटला जातो आणि हातात येते फक्त एकत्र रिकव्हरी (मालातल्या अ‍ॅल्युमिनापैकी किती टक्के बाहेर निघाला तो आकडा), आता साहेब विचारतायत कुठला माल किती देतो, सांगू काय डोंबल!

आधी टनावर वाटणी केली, ती चुकली. माल 60:40 असला तरी एकात अ‍ॅल्युमिना 48 टक्के, दुसऱ्यात 42, म्हणजे आत जाणारा अ‍ॅल्युमिना 63:37 पडतो. त्यात ज्या मालात रिअ‍ॅक्टिव्ह सिलिका (कॉस्टिकमध्ये विरघळणारी सिलिका) जास्त तो कॉस्टिक सोडापण खातो नि अ‍ॅल्युमिना लाल चिखलात, म्हणजे उरलेल्या टाकाऊ गाळात, घेऊन जातो, मग तो तोटा कुणाच्या नावावर टाकायचा?

रोजच्या डेटावर एक्सेलमध्ये रिग्रेशन (आकड्यांवरून प्रत्येक मालाचा वाटा काढायचं गणित) लावलं तर एका मालाची रिकव्हरी 104 टक्के आली 😅 मिक्सचं प्रमाण रोज जवळपास तेच असतं, म्हणून दोघांचा परिणाम सुटा होईना असं वाटतंय. आठवडाभर मुद्दाम 80:20, मग 40:60 असं हलवून बघू का? की दोन्ही माल लॅबमध्ये वेगवेगळे डायजेस्ट करून (गरम कॉस्टिकमध्ये विरघळवून) तोच आकडा धरू? कुणी केलं असेल तर सांगा राव, सोमवारी रिपोर्ट द्यायचाय.