'डॉक्टर, तुमचा फोन आहे': दातांच्या दवाखान्यात काम केलेल्यांनी अनुभव लिहा

मुठेकाठची_डेंटिस्ट
खंडेनवमीला दवाखान्यातली हत्यारं पुजायला काढली. पाटावर हिरवं कापड, त्यावर चिमटे, एलेव्हेटर, आरसे, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडू. (नंतर सगळं घासून, पाउचमध्ये घालून निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्हला लावलं, काळजी नसावी.) महिन्यापूर्वी लागलेली मुलगी उपदाढेचा चिमटा हातात घेऊन म्हणाली, "मॅडम, हा कशाचा?" आणि मला एकदम २००८ सालची नारायण पेठ आठवली.

बीडीएस होऊन वर्ष झालं होतं, एका सरांकडे काम करत होते. चौदा वर्षांची मुलगी, तारा लावायच्या आधी उपदाढा काढायच्या होत्या. चिठ्ठीवर दातांचे नंबर, १४ आणि २४, म्हणजे वरची उजवी आणि डावी पहिली उपदाढ. उजवीकडची निघाली. डावीकडे भूल दिली, चिमटा लावला आणि तो लागला २५ ला. पहिलीच्या जागी दुसरी. या दोघी शेजारी शेजारी, दिसायला सख्ख्या बहिणी, त्यात त्या मुलीचे दात एकमेकांवर चढलेले. मी जोर लावणार एवढ्यात सक्शन (तोंडातलं पाणी ओढणारी नळी) धरून उभ्या असलेल्या मावशी हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, तुमचा फोन आहे."

माझा मोबाइल पर्समध्ये बंद पडलेला होता. मी वैतागून वर बघितलं. मावशींची नजर ट्रेजवळच्या चिठ्ठीवर होती.

बाहेर गेले, पाणी प्यायले, दोन मिनिटं भिंतीला टेकून उभी राहिले. परत येऊन २४ काढला. संध्याकाळी नोकरी गेली असंच धरून सरांना सगळं सांगितलं. सरांनी मावशींना बोलावलं आणि म्हणाले, "मलाही असंच सांगत जा." तेव्हापासून तिथे 'फोन आहे' म्हणजे थांबा. आणि दात काढण्याआधी नंबर दोघांनी मोठ्याने वाचायचा.

मावशी सातवी शिकलेल्या. पण त्या लागल्या तेव्हा पहिला महिनाभर सरांनी रोज दुपारी प्लास्टरच्या मॉडेलवर बोट ठेवून त्यांना दातांचे नंबर शिकवले होते. ते शिकवलं नसतं तर त्यांना चिठ्ठी कळली नसती, आणि धाक असता तर कळूनही त्या बोलल्या नसत्या. माझ्याकडे आता सात जण आहेत. सगळ्यात नव्या मुलीला मला थांबवता आलं पाहिजे, बाकीचं मी त्याच्यानंतर बघते.

तुमचेही अनुभव लिहा. डॉक्टर, असिस्टंट, रिसेप्शन, लॅब, कोणीही.

ट्रे_लावते
मावशींना नमस्कार सांगा. मी ११ वर्षं असिस्टंट आहे सिंहगड रोडला. आमच्याकडे पण नंबर मोठ्याने वाचतात.

मला वेळेबद्दल लिहायचंय. १० ते १ आणि ५ ते ९ अशी ड्युटी बऱ्याच ठिकाणी असते. डॉक्टर दुपारी घरी जातात, त्यांचं घर जवळ असतं. मी राहते कात्रजच्या पुढे. दुपारी घरी जायचं तर बसमध्येच दोन तास, म्हणून चार वर्षं मी दुपारी क्लिनिकच्या बाकावर झोपले. मुलगा शाळेतून यायचा तेव्हा घरात कोणी नाही. आत्ताच्या मॅडमनी पहिल्या दिवशीच विचारलं, दुपारी कुठे असतेस? दोन महिन्यांत सलग ड्युटी केली. आम्ही दोघी ९ ते ५, दुसऱ्या दोघी १ ते ९. दुपारी एक खुर्ची चालू राहते, तर ऑफिसवाले पेशंट जेवणाच्या सुट्टीत यायला लागले. मॅडमचाही फायदाच झाला. लिहिते नंतर, पेशंट आलाय

चहा_दोन_साखर
बाकावर झोपण्याचं वाचून पोटात कालवलं. माझी आई कर्वे रोडला एका क्लिनिकमध्ये रिसेप्शनला होती, ती दुपारी मंडईत भाजी घेऊन क्लिनिकमध्येच निवडत बसायची. शेंगा सोललेल्या डब्यात घेऊन रात्री साडेनऊला घरी यायची.

फिरता_कन्सल्टंट
मी रूट कॅनालसाठी आठ क्लिनिकना जातो, औंधपासून हडपसरपर्यंत. आत शिरल्यावर पाच मिनिटांत कळतं कुठे माणसं धास्तावलेली आहेत. सक्शन धरणारी मुलगी पेशंटच्या तोंडाकडे बघते की डॉक्टरच्या चेहऱ्याकडे, तेवढंच बघा.

एक प्रसंग. खालची दाढ, मुळातला कॅनाल वाकडा, तो साफ करायची बारीक फाईल टोकाशी तुटली. कितीही जपलं तरी असं कधीतरी होतं. एका ठिकाणी मालक डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, पेशंटला कशाला सांगायचं. मी सांगितलंच, आणि तिथे जाणं बंद केलं. दुसऱ्या ठिकाणी असंच झालं तेव्हा मी बोलायच्या आत असिस्टंटने एक्स-रे लावला, डॉक्टर स्वतः आल्या, पेशंटच्या शेजारी स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "काका, हे बघा, इथे बारीक तुकडा राहिलाय. आम्ही काय करणार आहोत ते सांगते." काकांनी ऐकून घेतलं. सहा महिन्यांनी ते बायकोला घेऊन आले.

तिथल्या मुलींनी ते सगळं उभं राहून बघितलं. पुढे त्यांच्यातल्या एकीच्या हातून इम्प्रेशन (दातांचं घेतलेलं माप) पडून मोडलं, ती लगेच येऊन सांगून गेली.

नाव_नको
धागा वाचून लिहावंसं वाटलं. दोन वर्षांपूर्वी ट्रे आवरताना वापरलेली सुई माझ्या अंगठ्यात गेली. डॉक्टर म्हणाले, "काही होत नाही, पेशंट चांगल्या घरातला आहे." बाहेर बोलू नको असंही म्हणाले. मी तीन महिने नीट झोपले नाही. नवऱ्यालाही सांगितलं नाही. नंतर एचआयव्हीची टेस्ट स्वतःच्या पैशाने केली, निघालं नाही काही. पण नोकरी सोडली. आता दुसरीकडे आहे, बरं आहे.

मुठेकाठची_डेंटिस्ट
@नाव_नको, बाई गं. हे तुझ्याशी फार वाईट झालं. पेशंटचं घर बघून कोणाच्या रक्तात काय आहे ते कळत नाही.

इतरांसाठी लिहून ठेवते. सुई टोचली की वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं. पिळायचं नाही, तोंडात धरायचं नाही. कोणत्या पेशंटची सुई ते लिहून ठेवायचं आणि लगेच सरकारी हॉस्पिटल गाठायचं. एचआयव्हीसाठी प्रतिबंधक गोळ्या लागणार असतील तर जितक्या लवकर तितकं चांगलं, शक्यतो २ तासांत, ७२ तासांच्या आत तरी हव्यातच. काविळीच्या बी प्रकाराची लस नोकरीला लागतानाच: ०, १ आणि ६ महिने असे तीन डोस, मग एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून लस लागू पडली का ते बघायचं. हा खर्च मालकाने करायचा, यात वाद नको. आणि सुईला टोपण दोन हातांनी घालायचंच नाही. टोपण ट्रेमध्ये आडवं ठेवून एका हाताने सुई आत सरकवायची. खरं तर ज्याने भूल दिली त्यानेच सुई काढून वापरलेल्या सुयांच्या पांढऱ्या डब्यात टाकावी, मुलींवर ते काम सोडू नये.

तुझी लस झाली आहे का आता?

नाव_नको
नाही मॅडम. कोणी विचारलंच नाही.

मुठेकाठची_डेंटिस्ट
उद्या तुझ्या डॉक्टरांना विचार. मला मेसेज कर, काय म्हणाले ते.

शेड_ए२
लॅबवाल्यांना बोलावलंत म्हणून आलो :) नाना पेठेत आमची छोटी लॅब आहे, कॅप आणि ब्रिज करतो. आमचा पोरगा गाडीवरून दिवसाला वीस क्लिनिक फिरतो. काही ठिकाणी त्याला चप्पल काढून दाराबाहेर उभं करतात. काही ठिकाणी "ये, पाणी पी, उन्हातनं आलास" म्हणतात. मे महिन्यात फरक कळतो.

कॅप बसली नाही तर चूक कोणाची यावर फोनवर भांडणं ठरलेली. एक डॉक्टर मात्र कॅप परत पाठवताना कधी नुसती पाठवत नाहीत. मॉडेलवर लाल पेन्सिलने खूण करून कागदावर लिहितात, इथे उंच लागते, मापात माझ्याकडून ओढलं गेलं असेल, बघून सांगा. गेल्या वर्षी मीच त्यांना फोन केला, की मॅडम, या वेळी चूक आमची आहे, परत करून देतो, पैसे नको. बाकी ठिकाणी मी असा फोन करत नाही, खरं सांगतो.

कोथरूडचा_दातवाला
माझी चूक सांगतो, नवे क्लिनिक काढणाऱ्यांना उपयोग होईल. २०१७ मध्ये एका शिबिरात ऐकून मी इन्सेंटिव्ह चालू केलं. जिच्या समजावण्याने पेशंट कॅप करायला तयार होईल तिला दर कॅपमागे पैसे. तीन महिन्यांत रिसेप्शनची आणि आतली मुलगी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. पेशंट माझा होता, आधी मी बोलले होते, असं. एक दिवस एक आजी मला म्हणाल्या, "डॉक्टर, खरंच लागणार आहे का हो कॅप? ती मुलगी फारच मागे लागली." मला रात्रभर चैन पडलं नाही. दुसऱ्या दिवशी बंद केलं, तेवढी रक्कम सगळ्यांच्या पगारात सारखी वाढवली. त्या आजींना पुन्हा बोलावून तपासलं. दात मोठा किडलेला होता, कॅप लागणारच होती. पण त्यांना शंका आली होती.

दोघींचं बोलणं सुरू व्हायला पुढचे गणपती यावे लागले. आरतीचं ताट एकीने दुसरीच्या हातात दिलं, तिथून.

चहा_दोन_साखर
आजींची शंका :( मला पण विचारायचंय, अक्कलदाढ दुखत नसेल तर काढायची का? आमच्याकडे सांगितलीये.

फिरता_कन्सल्टंट
न बघता सांगणार नाही. एक्स-रे घेऊन कारण विचारा. कारण विचारलं म्हणून चिडणारा डॉक्टर असेल तर दुसरं मत घ्या.

ट्रे_लावते
परत आले. सकाळच्या दहा मिनिटांबद्दल राहिलंच. पावणेनऊला सगळे उभ्या उभ्या चहा घेतो, मॅडम, आम्ही, झाडू-पुसणाऱ्या आक्का पण. दिवसाचे केसपेपर वाचतो. साखर कोणाला, बीपी कोणाचं, रक्त पातळ करायच्या गोळ्या कोणाला, कोणती कॅप लॅबमधून आली नाही, घाबरणारं लहान मूल किती वाजता. आक्का एकदा म्हणाल्या, लाल पिशवीत रक्ताचा कापूस येतोय, तो पिवळीत पाहिजे ना? कोणाला हसू आलं नाही. मॅडमनी त्याच दिवशी पिशव्यांच्या वर चित्रं चिकटवली: ग्लोव्हज लाल, कापूस आणि काढलेला दात पिवळी, सुई पांढरा डबा, काच निळा. आता नवीन मुलीला आक्काच शिकवतात.

दुपारचा डबा पण एकत्र. माझी मटकीची उसळ मॅडमना हवी असते म्हणून बुधवार माझा.

आरसा_आणि_प्रोब
उसळीत काय घालता? माझ्या मटकीला मोड येतात पण शिजल्यावर पार पीठ होतं.

ट्रे_लावते
आधी तेलात परतायची, मग कोमट पाणी बेताचंच. कुकर नाही, कढईत झाकण ठेवून. गोडा मसाला आणि आमसूल शेवटी.

आरसा_आणि_प्रोब
करून बघते. विषयावर पण लिहिते. २०२० मध्ये मी इंटर्नशिप संपवून नुकतीच लागले होते आणि मार्चमध्ये सगळं बंद. दातांच्या कामात तोंडातले तुषार उडणारच, त्यामुळे आमच्या व्यवसायाला जास्तच भीती. सरांनी आम्हा पाच जणांना फोनवर एकत्र घेतलं आणि जमाखर्च वाचून दाखवला. भाडं एवढं, खुर्चीचा हप्ता एवढा, शिल्लक एवढी. म्हणाले, अर्धा पगार चार महिने पुरेल, माझा शून्य. तुम्हाला दुसरं काम मिळालं तर जा, परत याल तेव्हा जागा असेल. पाचातले चार आजही तिथेच आहोत. जी गेली तिने गावी शिवणकाम चालू केलं, तिनेच आमचे कापडी गाऊन शिवून पाठवले होते.

शेड_ए२
आमची लॅब तेव्हा ७ महिने जवळपास ठप्प होती. तुमच्या सरांसारखे दोघं होते, त्यांनी जुनी बिलं न मागता आधी चुकती केली. विसरत नाही ते.

कोथरूडचा_दातवाला
@मुठेकाठची_डेंटिस्ट, त्या मावशी आता कुठे असतात?

मुठेकाठची_डेंटिस्ट
भोरला, मुलाकडे. सर गेल्यावर तो दवाखाना बंद झाला. या दसऱ्याला सोनं द्यायला आल्या होत्या. नव्या मुलीने त्यांना पाणी दिलं तर तिलाच विचारलं, "२४ कुठला गं?" तिने स्वतःच्या गालावर बोट ठेवून दाखवलं. बरोबर दाखवलं.

नाव_नको
मॅडम, डॉक्टरांना विचारलं. त्यांना वाटत होतं की माझी आधीच झालीये. स्वतः गाडीवर घेऊन गेले, पहिला डोस झाला आज. आमच्या इथल्या आक्कांना आणि दुसऱ्या मुलीला उद्या नेणार आहेत. दुसऱ्या डोसची तारीख रिसेप्शनच्या कॅलेंडरवर लिहिली.

ट्रे_लावते
छान झालं. दंड दुखेल आज थोडा, जड काही उचलू नको. जेवलीस का?