ल्युपसच्या रुग्णाला विसरण्याबद्दल आणि मनाबद्दल कोणी विचारायचे?

प्रश्न (खानापूर तालुका)
माझ्या धाकट्या जावेला चार वर्षांपासून ल्युपस आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते तो आजार. सांधे, रक्त आणि लघवीतील प्रथिने यांच्या तपासण्या बेळगावला नियमित होतात. गावातील बचत गटाची वही तीच लिहिते. पण गेल्या महिन्यात एकाच पानाची बेरीज तिने चार वेळा केली, चारही वेळा वेगळी आली, आणि शेवटी वही मिटून ती बराच वेळ नुसती बसून राहिली. रात्री झोप नाही, कुणाशी बोलणे नाही. सासूबाई देवाला कौल लावू म्हणतात, शेजारी गोळ्यांची उष्णता म्हणतात. हे ल्युपसमुळे होऊ शकते का?

उत्तर (फिजिशियन, बेळगाव)
ताई, होऊ शकते. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीने १९९९ मध्ये ल्युपसमधील मज्जासंस्थेच्या व मनाच्या १९ विकारांची यादी केली. तिच्यात फिट आणि पक्षाघात आहेत, तसेच विसराळूपणा, चिंता आणि नैराश्यही आहे. मात्र ल्युपसच्या रुग्णाला होणारा असा प्रत्येक त्रास ल्युपसनेच होतो असे नाही. मेंदूतील दाह किंवा रक्ताची गुठळी, स्टेरॉइड, जंतुसंसर्ग, थायरॉइड, शिवाय दीर्घ आजाराने आलेली खिन्नता, यांपैकी काहीही असू शकते, आणि प्रत्येकाचा उपचार निराळा आहे. एमआरआय नॉर्मल आला म्हणून रुग्णाची तक्रार बाजूला ठेवणे मला अजिबात मान्य नाही, कारण अशा त्रासात तो नॉर्मल असू शकतो. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा डोस केव्हा बदलला आणि विसरणे केव्हा सुरू झाले, या तारखा एका कागदावर शेजारी शेजारी लिहून आणा. गोळ्या मनाने बंद करू नका. स्टेरॉइड एकाएकी थांबवणे जिवावर बेतू शकते. फिट, एका बाजूची अशक्तता, असंबद्ध बोलणे किंवा जीव नकोसा झाल्याचे बोलणे, यांपैकी काहीही दिसले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

उत्तर (रुग्ण, निपाणी)
मला एका रुग्णालयात नैराश्य तपासण्याचा नऊ प्रश्नांचा कागद कन्नडमध्ये मिळाला. बाजारापुरते कन्नड मला येते, पण मनाचे त्यात सांगता येईना. शिवाय शेजारी पती बसले होते, म्हणून सगळीकडे ‘नाही’ अशी खूण केली. पुढच्या वेळी एका सिस्टरने मला बाजूला नेऊन मराठीत विचारले, ‘गेल्या दोन आठवड्यांत कशातच मन लागत नाही, असे किती दिवस वाटले?’ तेव्हा मला रडू आवरले नाही. जावेला एकटीला आणि मराठीतच विचारायला सांगा.

उत्तर (फिजिशियन, बेळगाव)
हे अगदी खरे आहे. त्या कागदावर २७ पैकी १० किंवा अधिक गुण आले तर पुढची तपासणी करतात. पण थकवा, झोप आणि भूक यांचे गुण ल्युपसमुळेही वाढतात, म्हणून नुसत्या आकड्यावर निदान करू नये. रुग्णाला स्वतःचे विसरणे पुष्कळदा जाणवत नाही, तेव्हा घरच्यांनाही वेगळे विचारावे लागते. ती बचत गटाची वही सोबत आणा.

प्रश्नकर्ती
सोमवारी जात आहोत. वहीतील जुनी पाने चाळली. पहिली खाडाखोड गोळ्यांचा डोस वाढण्याच्या तीन आठवडे आधीची आहे. तीही तारीख कागदावर लिहिली आहे.